अंगठ्याची खळी

दुपारी जेवायला घरी आले तर बाबा माझा गज बोटावर तोलून बसले होते. गज म्हणजे कापड मोजायची लाकडी पट्टी. राजापेठेत माझं ब्लाउजचं दुकान आहे, तिथली ही जुनी, आकडे पुसत आलेली पट्टी मी घरी आणून दाराच्या कोपऱ्यात टाकली होती. खुर्चीपासून त्या कोपऱ्यापर्यंत बाबा कसे पोचले, देव जाणे. उजवा हात मांडीवर पडलेला, आणि डाव्या हाताच्या बोटावर तो गज आडवा, अगदी निवांत. पंख्याच्या वाऱ्यानं पट्टीचं एक टोक जरासं खाली झुकलं. बाबांनी बोट केसभर सरकवलं, आणि टोक पुन्हा जागच्या जागी आलं. मी चपला न काढता दारातच उभी राहिले. लकवा झाल्यापासून या माणसाची नजर कशावर टिकलेली मी पाहिली नव्हती. टीव्हीवर नाही, ताटावर नाही, माझ्यावर तर नाहीच नाही. आणि आता ती त्या पट्टीच्या मधोमध अशी रोवलेली होती की मला माझ्याच घरात पाऊल टाकायचा धीर होईना. भाजी गरम करायची होती, ती मी त्या दिवशी थंडच खाल्ली.

बाबांना उन्हाळ्यात गावी लकवा मारला. धर्मेंद्र, माझा धाकटा भाऊ, अकोल्याला असतो, पण त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना असा की धडधाकट माणसानंही देवाचं नाव घेऊन चढावं. म्हणून बाबा माझ्याकडे, अमरावतीला, साईनगरच्या तळमजल्यावर आले. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं गेलं होतं. उरला होता फक्त एक हुंकार, तोही होकाराचा की नकाराचा ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ओळख आत शिल्लक असेलही, पण त्यांना ती सांगता येणार नाही. मी दिवसभर बायकांची मापं घेते. नुसतं खांद्याकडे पाहून सांगते की या बाईचा एक हात कामानं खाली आलाय, हिनं नुकतंच मूल अंगावर पाजणं सोडलंय, ही नवऱ्याशी भांडून आलीय आणि गळा मुद्दाम खोल सांगतेय. पण या एका माणसाचं मला काही वाचता येईना. मी घास भरवायची आणि ते माझ्याकडे बसमधल्या कंडक्टरकडे पाहावं तसं पाहायचे. धर्मेंद्र फोनवर म्हणायचा, “ताई, बाबा आता तिथं नाईत वं. तू उगाच जीव लावून राहिली.” मी त्याच्यावर ओरडायची आणि फोन ठेवायची, आणि मग ओट्याशी उभी राहून मलाच वाटायचं, खरं असलं तर? मला फार काही नको होतं. आपल्या तोंडात घास घालणारी बाई हर्षा आहे, एवढं त्यांना एकदा कळावं आणि ते कळलंय हे मला कळावं, बस. या वयात एवढीशी गोष्ट मागायला लाज वाटत होती, पण मागत होते.

तो गज पाहिला आणि आत काहीतरी हललं. कारण बोटावर तोलून पाहायची एकच वस्तू बाबांच्या आयुष्यात होती, ती म्हणजे वल्हं. आमचं गाव पूर्णेच्या काठी, बाजार दर्यापूरचा. घर अलीकडे आणि भाजीची वाडी पलीकडच्या काठाला. वांगी, मिरच्या, वाळकं, उन्हाळ्यात रेतीतली डांगरं म्हणजे खरबुजं, सगळं टोपल्यांत भरून डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, अलीकडे आणायचं आणि मग जीपनं बाजाराला. डोंगा दुसऱ्याकडून घेतलेला होता, पण वल्ही बाबा स्वतः करायचे, आणि काठावरची दहा घरंही त्यांच्याकडूनच करून न्यायची. शिवणीचं लाकूड, हलकं आणि पाण्यात न फुगणारं. एका अखंड फळीतून खाली पातं, मधे दांडा, वर मूठ. पातं संपून दांडा सुरू होतो तिथून चार बोटं वर वल्हं बोटावर तोललं गेलं पाहिजे, नाहीतर दिवसाअखेर माणसाचा खांदा उतरतो. पण मला तेव्हाही गंमत वाटायची ती मापाची. बाबा दोरी घेत नसत, काठी लावत नसत. ज्याचं वल्हं करायचं त्याला नुसतं पाहायचे. बाजारात, बांधावर, पंगतीत, तो माणूस आपल्या नादात असताना पाहायचे आणि घरी येऊन फळी कापायचे. वल्हं उभं केलं की त्या माणसाच्या हनुवटीला बरोबर लागायचं. आणि ते हातात द्यायची पद्धत नव्हती. करणारा काठावर बसून ते पाण्यावर सोडणार, आणि ज्याचं असेल त्यानंच पाण्यात उतरून उचलायचं. पाण्यावर ते सपाट तरंगलं, कुशीवर वळलं नाही, तरच खरं. आणि पाण्याला लागायच्या आधी कुणी त्याच्याशी उंची लावून पाहायची नाही. हाड बिथरतं म्हणायचे. हाड कसं बिथरतं ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मायचं वल्हं होतं, बाबांचं होतं, पुढे धर्मेंद्रचंही झालं. माझं नव्हतं. वल्हं माणसाची वाढ पुरी झाल्यावरच करायचं, कारण ते आयुष्यभर पुरतं. मी मागितलं की बाबा म्हणायचे, “हाड थांबू दे पोट्टे, मंग कापू तुह्यं.” हाड थांबलं त्याच वर्षी माझं लग्न झालं. अमरावतीला पोरीला वल्हं देऊन काय करायचं? वडाळीच्या तलावात पायानं मारायच्या बोटी. वल्ह्यानं मी काय धुणं बडवणार होते? माझं मलाच हे इतकं पटलं होतं की मी त्याचा कधी विषादही केला नाही. फक्त कधी कधी, कापड बेतताना मधेच, डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसलेली मी मला दिसायची. माय माझ्या मनगटाला एक चिंधी घट्ट बांधून पाठवायची. मला नजर लागते म्हणून, असं ती शेजारणींना सांगायची. डोंगा डोहाच्या मधोमध आला की बाबा वल्हं आडवं ठेवायचे, पुढे सरकायचे आणि ती चिंधी सोडायचे. म्हणायचे, “पान्यावर नजर नाई लागत.” मी पाण्यात हात घालून बसायची, थंडगार, कोपरापर्यंत. आणि काठ जवळ आला की ते पुन्हा बांधायचे, मायनं बांधली होती तशीच, तीच गाठ. ती चिंधी सोडल्यावर मनगटाला जी मोकळी हवा लागायची ती मला अजून आठवते. आता त्याच मनगटावर माझी टाचण्यांची गादी असते. नाडीनं बांधायची छोटी गोल गादी, आम्ही शिंपिणी बांधतो तशी. ती मी काढायला विसरते. लोकांच्या लग्नात पंगतीला बसले तरी ती हातावर असते आणि वाढपी हसतात.

मी धर्मेंद्रला फोन केला. म्हटलं, “रविवारी येताना गावच्या घरून बाबाच्या हत्याराचं पोतं आनजो. आन् शिवणीची एखादी फळी असंन तर पाह्यजो.”

“बाबा हत्यार धरतीन? ताई, तू ठीक हायेस नं?”

“मी ठीक हाओ. तू आन.”

तो पोतं घेऊन आला, आणि फळीही. “माळ्यावर होती,” तो म्हणाला, “बोऱ्यात गुंडायलेली. वल्ह्याच्याच मापाची दिसते. कोनासाठी ठुवली होती मालूम नाई.” फळी धुरानं काळवंडलेली होती. बाबांच्या समोर ती आडवी ठेवली. त्यांनी हुंकार दिला नाही, मान हलवली नाही. डाव्या हाताची बोटं वळवून त्यांनी फळीवर टकटक केलं, खाली वाकले आणि कान लावला. मग थोडं पुढे, पुन्हा टकटक, पुन्हा कान. धर्मेंद्र माझ्याकडे पाहू लागला. लहानपणी आम्ही दोघं डांगरावर अशीच टिचकी मारून पिकलं की नाही ते ऐकायचो. एका जागी बाबा थांबले, नखानं ओरखडा काढला आणि माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. मी खडू आणला. माझा शिंप्याचा निळा खडू. त्यांनी तो घेतला आणि त्या फळीवर एक रेघ ओढली, वरून खाली, डाव्या हातानं, आणि ती रेघ सरळ होती. मी इतकी वर्षं खडूनं रेघा ओढतेय, मला पट्टी लागते.

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगवेगळे आठवत नाहीत. एकच लांब दुपार आठवते. दुकान बेबीताईच्या भरवशावर टाकून मी घरी यायची. बेबीताई माझ्याकडे काजं-बटणं करते आणि जगाचा हिशेब ठेवते. मागच्या व्हरांड्यात मी सतरंजी टाकायची, बाबांना भिंतीला टेकून बसवायची, आणि फळी माझ्या दोन्ही गुडघ्यांत आवळून धरायची. ते डाव्या हातानं वाकस, लाकूड तासायचं हत्यार, मारायचे. पहिला घाव पडला तेव्हा मी डोळे मिटले. आयुष्यभर उजव्या हातानं लाकूड तासलेला माणूस, तो हात मेलेला, आणि ही धार माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर. पण घाव बसला तिथंच बसला. दुसरा त्याच्या शेजारी. ढलपी उडाली, आणि लाकडाच्या पोटातून पिवळट, कोवळा रंग निघाला, आणि वास आला, गवताचा नाही, दुधाचाही नाही, पण दोन्हीकडे जाणारा. मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं माळ्यावर धूर खाऊन आत हे असं ताजं राहिलं होतं. बाहेरून आपण काय पाहतो आणि काय समजून बसतो, या विचारानं मी फळी आणखी घट्ट धरली.

ते दमायचे. दमले की वाकस माझ्याकडे सरकवायचे. मला वाकस चालवता येत नव्हता, पण रंधा धरवला. मी जास्त जोर केला की त्यांचा हात माझ्या मनगटावर येऊन पडायचा, जड, आणि मी थांबायची. कमी केला की तोच हात कोपराला ढकलायचा. बोलणं नाही, काही नाही. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो, तिरपं कापलं की कापड झोळतं, हे मला कळतं. पण लाकडाचा धागा वळतो, गाठीला वळसा घालतो, पाण्यासारखा पुढे जाऊन पुन्हा सरळ होतो, आणि रंधा त्याच्या मागे मागे न्यावा लागतो. एकदा बाबांनी माझं बोट धरलं आणि पात्यावरून फिरवलं. मला सपाट वाटलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, अगदी हळू, आणि मग मला कळलं की पात्याच्या मधोमध एक कणा आहे, डोळ्याला न दिसणारा, काठाकडे विरत जाणारा. तो त्यांनी केव्हा काढला? मी तर समोरच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड एका बाजूला ओघळलेलं, हनुवटीवर लाळ, आणि त्या चेहऱ्यामागे बसून कुणीतरी हा कणा काढत होतं. देवळातसुद्धा मला असं कधी वाटलं नव्हतं. मी पदरानं त्यांची लाळ पुसली. बेबीताई एकदा डबा घ्यायला आली तर दारातच थबकली. “काय बाप्पा,” ती हळूच म्हणाली, “मानूस इथं बसून हाय आन् हात कुठं जाऊन राह्यले!” मग कुजबुजली, “पर कोनासाठी करून राह्यले वं?”

तेच मला खात होतं. बाबांनी बिनमाणसाचं वल्हं कधी केलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि ते कोण हे फळी आकाराला येत गेली तशी मला कळू नये असं वाटू लागलं. कारण मला वाटत होतं, ती माय आहे. माय, माणिकबाई, गेली त्याला किती तरी वर्षं झाली, आणि तिच्याबरोबर तिचं वल्हंही चितेवर गेलं. मी तिची नऊवारी कापून केलेला गाऊन घरात घालते. एका दुपारी तो अंगावर असताना बाबांनी माझ्या गालाला हात लावला आणि ओठ जुळवले, आणि “मा” असं काहीसं निघालं. आजारपणानंतरचा पहिला शब्द, तोही अर्धा, आणि तो मायचा. मी हसले, म्हटलं, “हो बाबा.” आत मात्र असं काही कडू झालं की बोलायची सोय नाही. मेलेल्या आईचा मत्सर करायचा म्हणजे हद्द झाली, पण झाला खरा. माय ठेंगणी होती, माझ्या खांद्याला लागायची. वल्हं पुरं झालं की लांबीवरून कळणारच होतं. मापाची टेप रात्रंदिवस माझ्या गळ्यात लोंबते, हात नुसता पुढे करायचा अवकाश. केला नाही. हाड बिथरेल म्हणून नाही, मीच बिथरेन म्हणून.

शेवटी मूठ राहिली. मुठीवर अंगठा टेकायला बाबा एक खळी काढत, तीच त्यांची खूण. दुसरे कुणी वल्हं करणारे ती काढत नसत. त्या दिवशी त्यांनी मला खाणाखुणा करून काचेचा तुकडा मागितला. पटाशीनं नाही, खळी काचेनं खरवडून काढायची, म्हणजे लाकूड दुखावत नाही. मी फुटलेल्या बरणीचा एक काठ आणून दिला. ते बराच वेळ खरवडत होते, मधेच स्वतःचा अंगठा टेकून पाहायचे, पुन्हा खरवडायचे. धर्मेंद्र त्या रविवारी आला होता, तो शेजारी बसून पाहत होता. पुरं झालं तेव्हा त्यानं वल्हं मांडीवर घेतलं, पात्याची सपाट बाजू स्वतःकडे केली आणि उजवा हात मुठीवर ठेवला. अंगठा घसरला. त्यानं पुन्हा ठेवला.

“ताई, खळी उलट्या अंगाले पडली.”

मी पाहिलं. खरंच होतं. सपाट बाजू आपल्याकडे घेतली की खळी डावीकडे हवी, तिथं उजव्या हाताचा अंगठा येतो. ही उजवीकडे होती. बाबांनी आपल्या डाव्या अंगठ्यावरून ती काढली होती. म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे कुणी नव्हतंच. माय नव्हती, कुणीच नव्हतं. हात जुन्या सवयीनं चालत होता, आणि आपल्याच अंगठ्याचं माप घेत होता. मायचा मत्सर परवडला असता, असं मला त्या क्षणी वाटलं. इतके दिवस मी गुडघ्यांत फळी धरून जे पाहत होते, ते काय होतं मग?

“लांबी भरून टाकू,” धर्मेंद्र म्हणाला. अकोल्यात तो दारं-खिडक्या रंगवायची कंत्राटं घेतो, त्याच्या जगात खड्डे बुजवायची लांबी भरून सुटत नाही असं काही नाही. “आन् इकडून दुसरी कोरू. कोनाले समजते?”

मी पटाशी उचलली. खरंच उचलली, पाजळलेली. वल्ह्याला हात लावला तोच बाबांची मूठ त्या मुठीवर येऊन मिटली, आणि त्या हुंकारात पहिल्यांदाच चूक होण्यासारखं काही उरलं नाही. नाही, म्हणजे नाही. जबड्याची शीर उठली होती. मी पटाशी खाली ठेवली. संध्याकाळी जवसाचं तेल कोमट करून आम्ही वल्ह्याला पाजलं. लाकूड तेल पीत गेलं आणि मधासारखं गडद झालं, आणि ती चुकीची खळी दिव्याखाली ओलीगार चमकत राहिली.

कार्तिकात आम्ही त्यांना पूर्णेवर नेलं. धर्मेंद्रनं ओळखीच्याची गाडी आणली होती. मी सकाळची एक अर्जंट चोळी देऊन दुकानातूनच गाडीत बसले. दर्यापूरच्या रस्त्याला दोन्हीकडे तूर पिवळी झाली होती. गाव तेच, पण डोंगा कुणाकडेच नव्हता. डोहात एक जण थर्माकोलच्या पाटावर बसून जाळं टाकत होता आणि प्लास्टिकच्या ताटलीनं पाणी मागे ढकलत होता. पलीकडे आमच्या वाडीच्या जागी पाण्याची मोटार आणि तिचा लांब पाइप. धर्मेंद्रनं बाबांना उचलून अगदी काठाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाय पाण्यात. वल्हं मांडीवर. ते किती तरी वेळ नुसते पाण्याकडे पाहत होते. मग वाकले, मी पाठीमागून त्यांचा सदरा धरला, आणि त्यांनी वल्हं पाण्यावर सोडलं.

ते तरंगलं. सपाट बाजू वर, कणा खाली. एकदा हललं, आणि मग पाण्यानं त्याला कुठून धरलं कोण जाणे, ते नुसतं पडून राहिलं, न वळता, न झुकता. थर्माकोलवरचा माणूस ताटली थांबवून बघू लागला. मला गज आठवला, पंख्याखाली बोटावर थांबलेला. एका मेलेल्या आणि एका जिवंत हातातून, माझ्या अडाणी रंध्यातून, फुटक्या बरणीतून हे असं बरोबर झालं होतं. धर्मेंद्रनं पँट दुमडली आणि तो पाण्यात उतरला. बाबांचा हुंकार आला, तोच परवाचा. नाही. तो मागे वळला, “मंग कोन?” म्हणाला. बाबा कुणाकडेच पाहत नव्हते. वल्हं हळूहळू धारेकडे सरकायला लागलं होतं.

“ताई, वाहून जाईन ते!”

मी धावले. साडी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत ओली. तळाचा चिखल मऊ, थंड, ओळखीचा. मायच्या बदली मायची पोर, किंवा कुणाच्याही बदली कुणी, निदान वाहून तरी जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. मूठ माझ्यापासून दूर जात होती. मी झेप घेतली आणि धरली.

डाव्या हातानं धरली. ते मला धरल्यावर कळलं. अंगठा खळीत जाऊन बसला होता, असा की त्याच्या कडेला हवा जायला जागा नव्हती. पाणी कोपरापर्यंत आलं होतं. थंडगार. आणि मला ते सगळं एकदम, कुणी न सांगता, आठवलं. पाटीवर मी पहिली अक्षरं या हातानं काढली होती. या हातानं घास उचलला म्हणून मायनं चटका दिला होता. या हातानं पेन्सिल धरली म्हणून शाळेत छडी बसली होती. नजरेची नव्हतीच ती चिंधी. हा हात पुढे येताच आवळ जाणवावा आणि तो मागे जावा म्हणून माय ती बांधायची, आणि डोहाच्या मधोमध, कुणी पाहत नसताना, बाबा तो मोकळा सोडायचे. मग मी लग्न होऊन अमरावतीला आले, शिवण शिकले, कात्री उजव्याच हाताची असते, आणि मीच त्याला विसरले. इतकी पक्की विसरले की त्याच्यावर टाचण्या टोचून ठेवायची गादी बांधली. सगळे विसरले होते. एक माणूस सोडून. आणि त्या माणसाला मी विचारत होते, तुम्ही मला ओळखता का?

मी वल्हं पाण्यातून वर काढलं, काठावर आले आणि त्याचं पातं मातीवर टेकवलं. मूठ माझ्या हनुवटीला लागली. मी बाबांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले. तोंड उघडलं तर “बाबा” एवढंच निघालं आणि पुढे नुसतं रडणं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझा डावा हात त्यांनी ओढून मांडीवर घेतला, उलटा केला, आणि फळीवरून फिरवायचे तसा त्याच्यावरून अंगठा फिरवला. मनगटावर गादी तशीच होती, भिजलेली, टाचण्यांनी भरलेली. तिच्या नाडीची गाठ पाण्यानं आवळली होती. एका हातानं, नखानं ती उकलत ते किती तरी वेळ बसले. मी मदत केली नाही. गाठ सुटली. गादी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

मनगटाला हवा लागली. मी वाट पाहत होते, काठावर आलो आहोत, आता ते पुन्हा बांधतील म्हणून. त्यांनी बांधली नाही.